‘मग’ आणि ‘म्हणून’ : निर्वासित बालकाची साक्ष

१

सोलापूरहून निघालेली गाडी होटगीला पोहोचली की रुळांना दोन वाटा फुटतात. एक अक्कलकोट रोड, दुधनी, गाणगापूर, गुलबर्गा असे करीत वाडीकडे आणि तेथून हैदराबादकडे जाते. दुसरी विजापूरवरून गदगकडे. १९४८ पर्यंत यांतल्या पहिल्या वाटेवर दुधनीच्या पलीकडे निजामाचे राज्य सुरू होत असे. म्हणजे मराठी-कन्नड अशा दोन्ही भाषा बोलणारे हे जंक्शन केवळ दोन रूळमार्गांच्या सांध्यावर नव्हते, तर दोन राजवटींच्या सीमेलगत होते. मे १९४८ मध्ये गाणगापूर स्थानकावर मुंबई–मद्रास मार्गावरील मेल गाडीवर रझाकारांनी हल्ला केला. तो मार्ग हाच. त्या वर्षभरात या रुळांवरून, रुळांलगतच्या गाडीवाटांवरून आणि नळदुर्गच्या रस्त्यावरून माणसे दोन्ही दिशांना गेली. त्यांच्याबरोबर मुले होती. त्या मुलांचे काय झाले, हा प्रश्न इतिहासाचा आहे. त्या मुलांची साक्ष आपल्या वाङ्मयात कोठे आहे, हा मात्र समीक्षेचा प्रश्न आहे आणि प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

या प्रश्नाला सरळ भिडण्याऐवजी थोडी वळणाची वाट घ्यावी लागते. कारण महाराष्ट्राच्या भूमीवरच, होटगीपासून काही तासांच्या अंतरावर, युद्धामुळे देशोधडीला लागलेल्या मुलांची एक मोठी वसाहत होऊन गेली आणि त्या मुलांनी मोठेपणी आपली साक्ष लिहूनही ठेवली. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील पोलिश छावणी ती हीच. एकीकडे वळिवड्याची मुबलक नोंदलेली साक्ष आणि दुसरीकडे सोलापूर–उस्मानाबाद सीमेवरचे मौन, अशी ही जोडी समोर ठेवली तर एक मूलभूत प्रश्न विचारता येतो : निर्वासित बालकाचा अनुभव वाङ्मयीन संहिता केव्हा होतो? अनुभव तीव्र असला म्हणजे तो आपोआप शब्दरूप घेतो, ही आपल्या समीक्षेत खोलवर रुजलेली समजूत येथे तपासून पाहावी लागते.

२

प्रथम शब्दांकडे वळू. घर सुटलेल्या माणसासाठी मराठीत निदान चार शब्द आहेत आणि चारही वेगवेगळ्या ठिकाणी उभे राहून उच्चारले जातात. ‘निर्वासित’ हे कर्मणी रूप आहे. त्यात घालवून देणारा कर्ता गृहीत असतो, पण त्याचे नाव नसते. ‘शरणार्थी’ या शब्दात माणूस मागणारा होतो; हा शब्द आश्रय देणाऱ्याच्या ओसरीवरून बोललेला आहे. ‘विस्थापित’ हा कागदपत्रांचा शब्द. धरणाच्या आणि पुनर्वसनाच्या फायलींतून तो आपल्या बोलण्यात आला. त्यात स्थान आहे, घर नाही. चौथा शब्द ‘परागंदा’. तो फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ विखुरलेला असा आहे. परागंदा झालेल्या माणसाविषयी बोलताना आपण घालवणाऱ्याचा विचार करीत नाही, की आसरा देणाऱ्याचाही. पाहतो ती फक्त पांगापांग.

मुलाच्या बाबतीत या चारही शब्दांना मर्यादा पडते. मूल स्वतः शरण मागत नाही, त्याचे बोट धरून कोणी तरी मागते. आपण निर्वासित आहोत हे त्याला मागाहून, बहुधा शाळेच्या नोंदवहीत, कळते. मुलाच्या अनुभवाच्या जवळ जाणारा मराठी शब्द ‘पोरका’ हा आहे. ‘अनाथ’ हा शब्द संस्थेच्या पाटीवर असतो, ‘पोरका’ घरात वापरला जातो. आईबाप जिवंत असतानाही मूल पोरके होऊ शकते. गावही पोरके होते. निर्वासित बालकाच्या साक्षीत प्रधान असतो तो हा पोरकेपणा आणि तो राजकीय कोटीत सहजी बसत नाही. हाना आरेन्ट यांनी १९४३ साली निर्वासितांविषयी लिहिलेल्या निबंधात, पुढे सर्वंकषवादावरील १९५१ च्या ग्रंथातही, हक्क असण्याचाच हक्क गमावलेल्या माणसाची अवस्था उलगडून दाखविली. तो विचार प्रौढाला लागू पडतो. मुलाने मात्र हक्क गमावण्यापूर्वीच अंगण गमावलेले असते, आणि अंगण गेल्याचे दुःख मांडण्यासाठी त्याच्याजवळ सिद्धान्त नसतो.

त्याच्याजवळ काय असते? लहान मूल एखादी घटना सांगू लागले की त्याच्या सांगण्यात ‘मग’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. मग आम्ही गाडीत बसलो, मग रात्र झाली, मग आई उठलीच नाही. या निवेदनाला क्रम असतो, कार्यकारणभाव नसतो. ‘म्हणून’ हा शब्द प्रौढाचा आहे. सैन्य आले म्हणून आम्ही निघालो. करार झाला म्हणून सुटलो. अमुक जमातीचे होतो म्हणून वाचलो. मुलाची साक्ष लिहिली जाते ती बहुतेक वेळा मोठेपणी आणि त्या लेखनात ‘मग’चे रूपांतर ‘म्हणून’मध्ये होत जाते. हे रूपांतर अपरिहार्य आहे, कित्येकदा इष्टही आहे. पण ते कोठे झाले, कोणी केले आणि त्यात काय गळून पडले, हे पाहणे हे या प्रकारच्या वाङ्मयाच्या समीक्षेचे पहिले काम ठरते.

३

वळिवड्याची हकीकत थोडक्यात सांगावी लागेल. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंडमध्ये प्रवेश केला. १९४० च्या फेब्रुवारीपासून जून १९४१ पर्यंत तेथील कुटुंबांना लाटालाटांनी सायबेरिया, कझाकस्तान अशा प्रदेशांत हद्दपार करण्यात आले. जर्मनीने सोव्हिएत रशियावर आक्रमण केल्यावर जुलै १९४१ मध्ये लंडनस्थित पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार होऊन या लोकांची सुटका झाली. १९४२ मध्ये जनरल अँडर्स यांच्या सेनेबरोबर हजारो स्त्रिया व मुले कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणमधील पहलवी बंदरात उतरली. काही मुले खुष्कीच्या मार्गाने भारतात आली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे मुलांसाठी छावणी उघडली. १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे मोठी वसाहत उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे तेथे राहत होती आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. बालाचडीची छावणी बंद झाल्यावर तेथील बरीच मुलेही १९४६ मध्ये वळिवड्याला आली. पोलिश भाषेतून शिकविणाऱ्या शाळा, चर्च, बालवीर पथके, नाटके, दुकाने असे सारे गावच पंचगंगेकाठी वसले. १९४८ मध्ये ते उठले.

एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. ही मुले आली त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवरही एक दत्तक बालकच होते. कारभार राजप्रतिनिधी मंडळाकडे होता आणि हा बालराजा १९४६ मध्ये, वयाची पाच वर्षे पुरी होण्याआधीच मरण पावला. राज्याचा स्वामी मूल, आश्रयाला आलेलीही मुले. दोघांच्याही नावाने निर्णय घेणारे मात्र दुसरेच. बालपणाची ही परावलंबी अवस्था ज्याप्रमाणे राजकारणात, त्याचप्रमाणे लेखनातही असते.

या मुलांच्या पिढीने पुढे संघटना स्थापन केली, आणि तिने भारतातील वास्तव्याच्या आठवणी व कागदपत्रे एकत्र करून २००० साली पोलिश भाषेत व २००९ साली इंग्रजीत मोठा ग्रंथ सिद्ध केला. या साऱ्या स्मरणलेखनाची घडण पाहिली तर तीन काळ एकमेकांवर बसलेले दिसतात : हद्दपारीचा काळ, छावणीचा काळ आणि इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, पोलंड अशा ठिकाणी बसून लिहिण्याचा काळ. पहिल्या काळाचे निवेदन प्राधान्याने ‘मग’चे असते. पहलवीच्या किनाऱ्यावर उतरलेल्यांचे केस कापले गेले, अंगावरचे उवांनी भरलेले कपडे जाळले गेले. हे टायफसच्या भयामुळे करावे लागले, ही झाली प्रौढाची माहिती. मुलाच्या दृष्टीने मात्र घरून आणलेली शेवटची वस्तू धुरात गेली आणि शेजारी उभी असलेली बहीण ओळखू येईनाशी झाली, एवढेच घडले. कारण कळले म्हणून हा क्षण उजळत नाही. उलट कारण जोडले की तो फिका पडतो.

दुसऱ्या काळाचे निवेदन वेगळे आहे. वळिवड्याच्या आठवणी बहुतांशी आनंदाच्या आहेत : शाळा, खेळ, नदी, सण, ऊन. येथे वाचक बुचकळ्यात पडतो. देश गेला, घर गेले, कित्येकांचे आईबाप गेले, आणि तरी छावणी स्वर्गासारखी का वाटते? ती खोटी आठवण आहे असे म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. छावणीने मुलांना घर परत दिले नाही; तिने त्यांना वेळापत्रक दिले. घंटा, प्रार्थना, जेवण, वर्ग, सांज. ज्याच्या आयुष्यात उद्याची खात्रीच उरलेली नव्हती त्याला रोज त्याच वेळी वाजणारी घंटा हेच घर वाटते. बाख्तिनने कादंबरीतील काळ आणि अवकाश यांच्या एकसंध बांधणीला ज्या अर्थाने कालावकाश म्हटले, त्या अर्थाने छावणी हा एक स्वतंत्र कालावकाश आहे. येथे अवकाश कुंपणाने मर्यादित असतो, काळ मात्र तात्पुरता म्हणवून घेत वर्षानुवर्षे लांबतो. प्रौढांच्या लेखी हा काळ वाट पाहण्याचा होता. मुलांच्या लेखी तेच बालपण होते, कारण त्यांना दुसरे मिळणार नव्हते.

४

तिसऱ्या काळात मात्र एक निराळाच स्वर शिरतो. तो कृतज्ञतेचा. जामसाहेबांचे नाव वॉर्सात एका चौकाला आणि एका शाळेला दिले गेले. कोल्हापुरात स्मारक झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला भेट दिली. ही कृतज्ञता खरी आहे आणि तिच्याविषयी उणे बोलण्याचा हेतू नाही. पण वाङ्मयप्रकार म्हणून तिचा विचार केला पाहिजे. निर्वासिताने कृतज्ञ असावे अशी आश्रयदात्याची अपेक्षा असते आणि ही अपेक्षा निवेदनाला आतून वळण लावते. ‘मग आम्ही वळिवड्याला आलो’ या वाक्याचे ‘ते उदार होते म्हणून आम्ही जगलो’ असे वाक्य होते. दोन्ही वाक्ये सत्य आहेत. दुसऱ्याने पहिल्यातील बरेच काही झाकले जाते.

काय झाकले जाते? वळिवड्याची छावणी उघडली ते १९४३ हे बंगालच्या दुष्काळाचे वर्ष होते. त्याच साम्राज्याच्या छत्राखाली कलकत्त्याच्या फुटपाथांवर मुले भुकेने मरत होती. शेजारच्या सातारा जिल्ह्यात त्याच वेळी नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा लढा चालू होता. छावणीतील मुलांनी हे पाहावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. पण छावणीच्या कथेचा आज उत्सव करणाऱ्यांनी ते पाहावे, ही अपेक्षा रास्त आहे. कोणत्या मुलाला निर्वासित मानावयाचे आणि कोणाला नुसतेच भुकेले, हे ठरविणारी सत्ता एकच होती. एका मुलाची भूक साक्ष झाली. दुसऱ्याची आकडेवारी झाली.

वळिवड्याची कथा पुढे आणखी एक वळण घेते आणि ते आपल्याला अधिक जवळचे आहे. पोलिश कुटुंबे गेल्यावर त्याच जागी फाळणीने घर गमावलेली सिंधी कुटुंबे आली. आजचे गांधीनगर ते हेच. एका छावणीत एकामागून एक दोन निर्वासित समाज राहिले. पहिल्या समाजातील मुले आपली भाषा बरोबर घेऊन आली, तिच्यातच शिकली आणि तिच्यातच त्यांनी आठवणी लिहिल्या. दुसऱ्या समाजातील मुलांच्या भाषेला येथे प्रांतच उरला नव्हता आणि तिच्या लिपीचाही वाद उभा राहिला. व्यापारात हा समाज स्थिरावला. गांधीनगरची कापडबाजारपेठ प्रसिद्ध आहे. परंतु बाजारपेठेत स्थिरावणे आणि वाङ्मयात उच्चारित होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. एडवर्ड सैद यांनी निर्वासनाविषयीच्या १९८४ च्या निबंधात निर्वासनाला सौंदर्यवस्तू बनविण्याविरुद्ध इशारा दिला होता. त्याला एक पुरवणी जोडावीशी वाटते : निर्वासनाच्या यशस्वी कथेपासूनही सावध राहावे. यश हा ‘म्हणून’चा सर्वांत गोड प्रकार आहे.

५

आता पुन्हा होटगीच्या बाजूला येऊ. १९४७–४८ मध्ये हैदराबाद संस्थानातील उस्मानाबाद (आजचा धाराशिव), बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांतून रझाकारांच्या अत्याचारांमुळे अनेक हिंदू कुटुंबे सीमा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात आली. त्याच सुमारास आजूबाजूच्या प्रांतांतून मुस्लिम कुटुंबे आश्रयासाठी हैदराबाद संस्थानात गेली होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरहून भारतीय सैन्याची मुख्य तुकडी नळदुर्गच्या रस्त्याने आत शिरली. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाड्यात हा दिवस मुक्तिदिन म्हणून साजरा होतो आणि सरंजामी, दडपशाहीच्या राजवटीचा अंत म्हणून त्याचे मोल वादातीत आहे. पण त्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत मुस्लिमांच्या हत्या झाल्या. भारत सरकारच्याच वतीने गेलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या नोव्हेंबर–डिसेंबरमध्ये हिंडून पाहणी केली आणि सावध अंदाजाने संस्थानभरातील मृतांची संख्या २७ हजार ते ४० हजार अशी नोंदविली. हा अहवाल सर्वसामान्य अभ्यासकांना पाहावयास मिळाला तो २०१३ मध्ये. त्याच अहवालात काही ठिकाणी हिंदू विणकरांनी बाहेरून आलेल्या हिंदूंपासून मुस्लिम विणकरांचे रक्षण केल्याचेही नमूद आहे. सोलापूरसारख्या मागांच्या शहरातील वाचकाला हा तपशील विसरता येऊ नये.

म्हणजे एका वर्षात एकाच भूमीवर मुलांच्या दोन लाटा पोरक्या झाल्या. त्यांच्या साक्षीची स्थिती मात्र एकसारखी नाही.

पहिल्या लाटेला बोलण्याची मुभा होती, पण ठरीव आकारात. मुक्तिसंग्रामाच्या लेखनाने महत्त्वाचे काम केले आहे. अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ (१९८७) हा प्रत्यक्ष सहभागी कार्यकर्त्याचा इतिहासग्रंथ, तसेच नरहर कुरुंदकर यांचे हैदराबादविषयक विवेचन यांशिवाय या कालखंडाचा विचारच करता येत नाही. हे गद्य ‘म्हणून’चे आहे आणि तसेच ते असावयास हवे, इतिहासाला आणि विचाराला कार्यकारणभाव सोडता येत नाही. प्रश्न त्या ग्रंथांविषयी नाही. या ग्रंथांनी उभारलेल्या चौकटीबाहेर ललित वाङ्मय किती गेले, हा खरा प्रश्न आहे. संग्रामाच्या कथेत मूल बहुधा दोन रूपांत येते : अत्याचाराचा पुरावा म्हणून किंवा चिठ्ठ्या पोहोचविणारा छोटा वीर म्हणून. दोन्ही रूपांत ते दुसऱ्या कशाचे तरी चिन्ह असते. रात्री बैलगाडीत झोपलेले, जाग आल्यावर आपण कोठे आहोत हे न कळणारे, परक्या वाड्यात भाकरीचा तुकडा मागायला लाजणारे मूल त्या चौकटीत बसत नाही. कारण ते कोणत्याच बाजूचा पुरावा होत नाही.

दुसऱ्या लाटेला ही ठरीव मुभाही नव्हती. जे घडले त्याला सार्वजनिक भाषेत नावच नव्हते. ‘पोलीस अ‍ॅक्शन’ हा शब्द एका प्रशासकीय कारवाईचे नाव आहे. त्यात सैन्य लपते आणि नंतरचे आठवडेही लपतात. सोलापूर–मराठवाडा पट्ट्यातील जुन्या पिढीच्या बोलीत ‘रझाकाराच्या साली’ आणि ‘पोलीस अ‍ॅक्शननंतर’ हे कालगणनेचे प्रयोग आहेत. जन्म, लग्ने, दुष्काळ त्यांवरून मोजले जातात. जी घटना कालमापनाचे साधन होते ती स्वतः सांगितली जात नाही. तिच्यामुळे बाकीचे सांगता येते. उर्वशी बुटालिया यांनी फाळणीविषयीच्या १९९८ च्या ग्रंथात मुलांच्या साक्षींसाठी स्वतंत्र प्रकरण राखले आणि ती माणसे इतकी वर्षे का बोलली नाहीत हा प्रश्न कथनाच्या केंद्रस्थानी आणला. हैदराबादच्या बाबतीत मराठीत या प्रश्नाची मांडणी अजून व्हावयाची आहे.

मराठी ललित वाङ्मयाने त्या वर्षाकडे पाठ फिरवली असे मात्र सरसकट म्हणता येणार नाही. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीवरील व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ (१९६४) ही त्याच १९४८ सालाची, घर जळण्याची कादंबरी आहे. तिचे मोठेपण असे की ती आरोपपत्र होण्याचे नाकारते. घटना जशा अंगावर येतात तशा येऊ देते. म्हणजे ‘मग’ची लय तिने सांभाळली आहे. पण तिचे जग तरुणांचे आणि थोरांचे आहे. त्या धुरात मूल काय पाहत होते, हे पान पुढे कोरेच राहते.

६

येथवरच्या विवेचनावरून असा निष्कर्ष निघेल की साक्षीला संस्था लागते. वळिवड्याच्या मुलांना शाळा होती, भाषा होती, पुढे संघटना होती, म्हणून ग्रंथ झाला; सीमेवरच्या मुलांना यांतले काही नव्हते, म्हणून झाला नाही. हा निष्कर्ष नीटनेटका आहे. म्हणूनच त्याच्याविषयी शंका घेतली पाहिजे, कारण त्याला छेद देणारे उदाहरण होटगीच्या अगदी जवळ आहे.

शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) हे अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरच्या परिसरातून आलेले आत्मकथन. त्यातील मुलापाशी कोणतीही संस्था नव्हती. बाप नाव देत नाही, गाव जागा देत नाही, भाकरी रोजची नाही. संतामाय ही आजी आणि तिच्याबरोबर राहणारा महमूद दस्तगीर जमादार हा मुसलमान आजोबा, एवढेच त्याचे छत्र. १९४८ मध्ये ज्या भूभागात धर्माच्या नावाने घरे पेटली त्याच भूभागात, एका पिढीनंतर, एका झोपडीत हा मुलगा कोणत्याही धर्माच्या हिशेबात न बसणाऱ्या मायेवर वाढला. युद्ध नाही, हद्दपारी नाही. तरी हे पोरकेपणाचे मराठीतील अत्यंत प्रखर निवेदन आहे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’तील (१९८०) बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारे मूलही या संदर्भात आठवते. या दोन्ही ग्रंथांत भूक आधी येते, तिचे कारण मागाहून. ‘अक्करमाशी’त तर ‘म्हणून’ची जागा प्रश्नचिन्हांनी घेतली आहे. मुलाने सोसले ते प्रौढ लेखक उत्तराने मिटवीत नाही. प्रश्न म्हणून उघडे ठेवतो.

मग हे ग्रंथ शक्य कसे झाले? केवळ अनुभवाच्या दाहकतेने नव्हे. दाह तर पिढ्यान्‌पिढ्या होता. ते शक्य झाले ते दलित चळवळीने आणि दलित साहित्याने ऐकणारे कान तयार केले होते म्हणून. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, नियतकालिके उभी राहिली, सभा झाल्या, वाद झाले आणि लाजेच्या गोष्टी मोठ्याने सांगता येतील अशी एक जागा मराठीत निर्माण झाली. तेव्हा वरील निष्कर्षात दुरुस्ती करावी लागते : साक्षीला संस्था लागतेच असे नाही, साक्षीला श्रोता लागतो. वळिवड्याच्या मुलांना श्रोता मिळाला तो आपसांत, मग स्वतःच्या राष्ट्रात. दलित लेखकाने श्रोता झगडून निर्माण केला. १९४८ च्या सीमेवरील पहिल्या लाटेच्या मुलांना श्रोता होता, पण त्याला आधीच ठाऊक असलेली कथाच ऐकावयाची होती. दुसऱ्या लाटेतल्या मुलांना तोही नव्हता. वॉल्टर बेंजामिनने महायुद्धावरून परतलेल्या मूक सैनिकांविषयी लिहिताना कथनाच्या ऱ्हासाची चर्चा केली आहे. त्या मौनाचा विचार करताना बोलणाऱ्याच्या असमर्थतेइतकाच ऐकणाऱ्याच्या अनिच्छेचाही विचार केला पाहिजे.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. जे लिहिलेच गेले नाही त्याची समीक्षा करणे म्हणजे मौनाच्या तोंडी आपले शब्द घालणे नव्हे काय? प्रिमो लेव्ही यांनी १९८६ च्या आपल्या अखेरच्या ग्रंथात म्हटले आहे, त्याचा आशय असा की संपूर्ण साक्षीदार ते, जे परत आले नाहीत. आम्ही वाचलेले त्यांच्या वतीने अपुरे बोलतो. हा विनय समीक्षेने स्वीकारलाच पाहिजे. न लिहिलेल्या साक्षीचा आशय सांगण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. पण ती का लिहिली गेली नाही याची मीमांसा करण्याचा अधिकार त्याला आहे. किंबहुना ते त्याचे कर्तव्य आहे. आपली समीक्षा अनुभवाच्या अस्सलतेची कसोटी लावते ती पुढ्यात आलेल्या संहितेला. पुढ्यात न आलेल्या संहितांमुळे ती कसोटीच एकांगी झाली असेल, ही शक्यता ती सहसा विचारात घेत नाही.

७

या विवेचनातून पदव्युत्तर अभ्यासकांसाठी दोन-तीन दिशा सुचतात. पहिली, वाचनाची. युद्ध, दंगल, फाळणी यांविषयीच्या कोणत्याही बालस्मृतिकथनात ‘मग’चे ‘म्हणून’ कोठे होते याचा बारकाईने शोध घ्यावा. ते रूपांतर प्रौढपणीच्या ज्ञानामुळे झाले, राष्ट्राच्या मागणीमुळे झाले, जमातीच्या निष्ठेमुळे झाले की आश्रयदात्याच्या ऋणामुळे झाले, हे वेगवेगळे ओळखता येते आणि त्यावर त्या कथनाचा वाङ्मयीन दर्जा बऱ्याच अंशी अवलंबून असतो. दुसरी, तुलनेची. वळिवडे आणि गांधीनगर, हन्नूर आणि नळदुर्ग या जागा नकाशावर जवळ आहेत. अभ्यासक्रमांत मात्र त्या एकमेकींना कधी भेटत नाहीत. पोलिश स्मरणलेखन ‘परदेशी’, सिंधी ‘अन्य भारतीय’, ‘अक्करमाशी’ ‘दलित’ आणि मुक्तिसंग्राम ‘प्रादेशिक इतिहास’, अशा कप्प्यांमुळे एकाच प्रकारच्या पोरकेपणाची चार रूपे आपल्याला एकत्र दिसू शकत नाहीत.

तिसरी दिशा तातडीची आहे. १९४८ मध्ये जे मूल आठ-दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या बरेच पुढे गेले आहे. सोलापूर, अक्कलकोट, तुळजापूर, उमरगा या तालुक्यांत अशी माणसे अजून आहेत : सीमा ओलांडून इकडे आलेली, तिकडे गेलेली, घरातल्या घरात लपविली गेलेली, शेजाऱ्याच्या मागाखाली वाचलेली. त्यांची साक्ष मराठीत, कन्नडमध्ये, दखनीत आहे. ती नोंदविताना अभ्यासकाने स्वतःला एक शिस्त लावून घेणे आवश्यक आहे. ‘तुम्ही का निघालात?’ हा प्रश्न पहिल्याने विचारू नये. त्या प्रश्नाचे उत्तर त्यांना पंचाहत्तर वर्षे इतरांनी शिकविलेले आहे आणि ते उत्तर आपल्यालाही पाठ आहे. जे त्यांच्यापाशीच आहे, अन्य कोणापाशी नाही, ते दुसऱ्या प्रश्नाने हाती लागण्याचा संभव आहे. मुलाची गोष्ट ऐकताना घरातली मोठी माणसे जो प्रश्न विचारतात तोच हा साधा प्रश्न : मग काय झालं?

तो विचारून झाल्यावर थांबले पाहिजे. उत्तर आपल्या बाजूचे येईलच असे नाही. येणारही नाही कदाचित. परंतु मराठी समीक्षेला श्रोता होता येते की नाही, याची परीक्षा त्या थांबण्यातच आहे.